पाचशे वीस मीटर कमी

निरीक्षकांच्या घरातलं गॅलरीचं दार वरून कडीपर्यंत हिरवं आणि कडीखाली तपकिरी होतं. पाहुणे विचारत, ही काही नवी फॅशन आहे का? त्यावर निरीक्षकांची बायको सांगे, "नाही, ही यांची पद्धत आहे." त्याच पद्धतीने घरात पाच फळ्यांचं ठरलेलं आणि तीन फळ्यांवर थांबलेलं पुस्तकांचं कपाट होतं, अकरा फेब्रुवारीपर्यंत लिहिलेली डायरी होती आणि पोहण्याच्या तलावाचा एक जुना पास होता. त्या पासाच्या जोरावर निरीक्षक पाण्यात हात मारायला शिकले होते. पाय मारायचे राहिले होते.

घराबाहेर मात्र त्यांचा दरारा विचारू नका. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि बत्तीस वर्षं एकाच काळ्या सायकलवरून बाजार तपासत आले होते. ती सायकल बाजाराच्या तोंडाशी दिसली, की दुकानदार काट्याखालची चिठोरी झटकायला लागत. खात्याने दिलेली तीस मीटरची कापडी टेप सायकलच्या पिशवीत कायम असायची. लग्नाच्या हॉलमध्येही त्यांनी एकदा ती काढून व्यासपीठ मोजलं होतं, आणि ते व्यासपीठ त्यांच्याच मेहुण्याच्या लग्नाचं होतं.

एका रविवारी चहा पिताना ते बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगत होते, की किलोमागे दहा ग्रॅम मारणारा एक साखरवाला आपण कसा पकडला. बायको कप विसळत होती. ती म्हणाली, "दहा ग्रॅमसाठी त्या बिचाऱ्याला नोटीस दिलीत. मी तीस वर्षं घरात सगळं पाऊण मापाचं घेतेय, मी तक्रार कुठल्या खिडकीवर नोंदवायची?"

हे ती रागावून म्हणाली असती तर निरीक्षकांनी भांडून विषय मिटवला असता. ती हसून म्हणाली आणि कप पुसून जागेवर ठेवून दिला. आपली बायको गेली तीस वर्षं आपल्याला मनातल्या मनात तोलते आहे आणि काटा कधीच पुरा खाली गेलेला नाही, हे निरीक्षकांना त्या क्षणी कळलं. त्यांना ते फार लागलं. एक तरी गोष्ट पूर्ण मापाची करून तिच्या हातात ठेवायची, असं त्यांनी ठरवलं.

योगायोगाने त्याच आठवड्यात इमारतीच्या जिन्यात एक कागद चिकटवलेला दिसला. साठ किलोमीटरची सायकल शर्यत होती. कागद तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी लावला होता. त्यांना सायकलींचं वेड होतं. निरीक्षकांनी विचार केला, की दार रंगवायचं म्हणजे ब्रश धुवावे लागतात, पोहायचं म्हणजे पाय मारावे लागतात. सायकल तर आपल्याला बत्तीस वर्षं येते आहे.

अर्जातला एक रकाना होता, 'सायकल चालवण्याचा अनुभव, वर्षांत'. सरकारी काय किंवा खासगी काय, कुठल्याही कागदावर एक काना खोटा लिहिण्याची सोय निरीक्षकांच्या स्वभावात नव्हती. त्यांनी लिहिलं, बत्तीस. त्या एका आकड्याने पुढची सगळी भानगड केली.

खात्याची परवानगी काढायला तीन आठवडे गेले. शर्यतीत भाग घेण्यासाठी खात्याकडे कुठलाही नमुना नसल्यामुळे अर्ज 'खात्याबाहेरील वाहन वापर' या फायलीत गेला, आणि वाहनाचा नोंदणी क्रमांक कळवावा अशा शेऱ्यासह परत आला. सायकलला नोंदणी क्रमांक नसतो असं निरीक्षकांनी कळवलं. तसा दाखला जोडावा, असं उत्तर आलं. अखेर साहेबांनी तोंडी सांगितलं, "जा हो तुम्ही, पण पडू नका. पडण्याचा फॉर्म याहून लांब आहे."

शेजाऱ्यांचा सल्ला मात्र कुठल्याही फॉर्मशिवाय मिळाला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, श्वास फक्त नाकाने घ्यायचा. समोरचे विमावाले म्हणाले, श्वासाचं नंतर बघू, आधी वारस कोण ते लिहून ठेवा. डॉक्टरीणबाईंनी गादी लावलेली घट्ट काळी चड्डी आणून दिली. ती घालून पहिल्यांदा जिना उतरताना निरीक्षकांनी समोर वर्तमानपत्र धरलं होतं. बायकोने त्या चड्डीला बाहेरून एक खिसा शिवला, कारण घराची किल्ली ठेवायला माणसाला खिसा नको का?

शर्यतीच्या सकाळी भोंगा हातात घेतलेल्या आयोजकांनी निरीक्षकांना पाठीवर लावायचा कागद दिला आणि अदबीने अगदी पुढच्या रांगेत नेऊन उभं केलं. "बत्तीस वर्षं म्हणजे काय चेष्टा आहे का!" ते म्हणाले. "तुम्ही अनुभवी गटात."

निरीक्षकांनी डावीउजवीकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना अशी माणसं उभी होती, की ज्यांच्या पोटऱ्यांवर शिरांचे नकाशे होते. त्यांच्या सायकली एका बोटाने उचलता येतील इतक्या हलक्या होत्या. त्यांत एक बाई ओळखीची निघाली. ती चौकातली बेकरीवाली होती. पहाटे सायकलवरून सगळ्या गावाला पाव पोचवणारी ही बाई आपल्या भागातली पहिल्या नंबरची शर्यतपटू आहे, हे निरीक्षकांना आजवर माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पावात आठ ग्रॅम कमी भरले म्हणून त्यांनीच तिला नोटीस दिली होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, काळ्या सायकलकडे पाहिलं आणि म्हणाली, "साहेब, आज इथं काय तपासायचंय?"

इतक्यात शिट्टी झाली. पुढे जे झालं ते निरीक्षकांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. शंभर साखळ्या एकाच वेळी ओढल्या गेल्या आणि रस्त्यावर पावसाची सर यावी तसा आवाज झाला. माणसं एकमेकांच्या कोपराला कोपर लावून, एकमेकांच्या चाकामागे चार बोटांवर चाक ठेवून, एक अवाक्षर न बोलता निघाली आणि पहिल्या वळणावर सगळा घोळका एका अंगावर कलला. कोणी पडलं नाही. निरीक्षक पायडल मारायचं विसरून आ वासून बघत राहिले. बघून झालं तेव्हा रस्ता रिकामा होता.

त्यानंतर ते एकटेच होते. एकटे म्हणजे, मागून एक जीप येत होती. शर्यतींमध्ये सगळ्यात शेवटी एक गाडी असते, तिच्या टपाला उभा झाडू बांधलेला असतो आणि जो मागे राहील त्याला ती गाडी उचलून घेते, ही रीत निरीक्षकांना त्या दिवशी समजली. जीप चालवणारा माणूस मिशाळ आणि अबोल होता. तो तीन तास त्यांच्या मागून गाडी रखडवत आला. एकदाही त्याने हॉर्न वाजवला नाही. एक्केचाळिसाव्या किलोमीटरला त्याने घड्याळ पाहिलं, गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "रस्ता उघडायची वेळ झाली. बसा."

घरी बायकोने विचारलं, "साठांपैकी किती?"

"एक्केचाळीस."

तिने क्षणभर मनात हिशेब केला. "म्हणजे पाऊणसुद्धा नाही," ती म्हणाली आणि त्यांच्या गुडघ्यांना लावायला तेल गरम करायला गेली.

दुसऱ्या माणसाने इथे नाद सोडला असता, आणि खरं सांगायचं तर निरीक्षकांनीही आजवर प्रत्येक नाद नेमका इथेच सोडला होता. पण डोळ्यांसमोरून तो वळणावर कललेला घोळका जात नव्हता. ऑफिसात काटे तपासताना ते मध्येच थांबत आणि समोरच्या दुकानदाराला सांगत, "चार बोटं हो, फक्त चार बोटं! आणि कोणी पडलं नाही!" दुकानदार घाबरून वजनात भर टाकायचा.

दोन महिन्यांनी डोंगरातली शर्यत होती. सहा किलोमीटरची एक फेरी. हौशी गटाला दोन फेऱ्या, अनुभवी गटाला चार. निरीक्षक आयोजकांच्या कार्यालयात गेले आणि आपल्याला हौशी गटात घालावं अशी लेखी विनंती केली. आयोजकांनी नियम दाखवला. गट बदलायचा तर मागच्या शर्यतीचा निकाल जोडावा लागतो.

"मागच्या शर्यतीत मला निकालच नाही. मी जीपमधून आलो."

"मग गट बदलता येणार नाही."

"पण गट चुकला म्हणूनच तर मी जीपमधून आलो."

"तेच निकालाने सिद्ध करावं लागेल ना," आयोजक म्हणाले. बत्तीस वर्षं समोरच्याला अशीच उत्तरं देण्यात गेल्यामुळे निरीक्षकांना या उत्तराची बांधणी मनोमन आवडली. ते मुकाट्याने बाहेर पडले.

डोंगराला काळी सायकल चालणार नव्हती. डॉक्टरीणबाईंनी जाड टायरांची, पुढे दणके खाणारे गज असलेली आपली सायकल दिली. देताना त्यांनी दगडांच्या एका उताराबद्दल सांगितलं. "त्याला सगळे दाताड म्हणतात. मला त्या उताराने आतापर्यंत अकरा पेशंट दिलेत. तुम्ही बारावे होऊ नका."

शर्यतीच्या आदल्या दिवशी निरीक्षक वाट बघायला निघाले. बायको सोबत आली, कारण परक्या सायकलची काळजी त्यांच्या एकट्यावर सोडायला तिचा धीर होईना. डोंगराच्या पायथ्याशी पोचल्यावर निरीक्षकांनी सवयीने टेप बाहेर काढली. बायकोने कपाळावर हात मारला, पण टेपचं दुसरं टोक धरलं. झाडांमधून, ओढ्यातून, दाताडावरून, बसत उठत दोघांनी सगळी फेरी मोजली. मध्ये एकदा उंच झाडांखाली ती टेप धरून थांबली. वर वाऱ्याचा आवाज येत होता आणि खाली आतपर्यंत कवडसे पडले होते. "अहो," ती हळूच म्हणाली, "इथून तुम्ही सायकलवरून जाणार?" तिच्या आवाजात काळजी होती, पण नुसती काळजी नव्हती. निरीक्षकांनी छाती थोडी पुढे काढली. त्यामुळे टेप सुटली आणि ते तीस मीटर पुन्हा मोजावे लागले.

एकशे पंच्याण्णव टेपा आणि वर वीस मीटर. पाच किलोमीटर आठशे सत्तर. फेरीमागे एकशे तीस मीटर कमी, चार फेऱ्यांत पाचशे वीस. निरीक्षकांनी तिथल्या तिथे आयोजकांना लेखी कळवलं, की तुम्ही चोवीस किलोमीटर म्हणून जाहीर केलेला माल प्रत्यक्षात तेवीस किलोमीटर चारशे ऐंशी मीटर भरतो. आयोजकांनी कागद वाचला, घडी घालून भोंग्याच्या पिशवीत ठेवला आणि "बघतो, बघतो" म्हणाले. बघतो या शब्दाचा अर्थ निरीक्षकांना चांगला ठाऊक होता.

सकाळी सात वाजता शर्यत सुटली. पहिल्या फेरीत निरीक्षक दाताडावरून सायकल खांद्यावर घेऊन उतरले. ओढ्यात सायकल त्यांच्यावरून गेली. चढावर मुख्याध्यापकांच्या सल्ल्यानुसार नाकाने श्वास घेण्याचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकल्यावर जिथून मिळेल तिथून घेतला. खिशातली किल्ली प्रत्येक दगडाला मांडीत रुतत होती. तरी त्यांना मजा वाटत होती, आणि आपल्याला मजा वाटते आहे याचाच त्यांना अचंबा वाटत होता.

दुसऱ्यांदा ते दाताडाच्या माथ्यावर पाय टेकून धीर गोळा करत उभे होते, तेव्हा मागून आवाज आला, "साहेब, डावीकडून!"

ती बेकरीवाली होती. ती चौथ्या फेरीत, शर्यतीत सगळ्यांच्या पुढे होती आणि निरीक्षकांच्या मागून आली होती. ती थांबली नाही. ज्या दगडांवर निरीक्षकांना पाय ठेवायला जागा सापडत नव्हती, त्यांवरून ती उभी राहून, गुडघे सैल सोडून, खाली वाहत गेली. तिचं पुढचं चाक एका दगडावरून निघे आणि दुसऱ्यावर अलगद टेके. सायकल तिच्याखाली धडधडत होती, आणि तिचं डोकं इतकं स्थिर होतं की त्यावर भरलेला पेला ठेवला असता तर हिंदकळला नसता. दहा आकडे मोजायच्या आत ती झाडांत दिसेनाशी झाली.

निरीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं. घामाने आलं म्हणावं तर घाम मघापासूनच होता. या बाईच्या पावातले आठ ग्रॅम आपण मोजले, त्यांना वाटलं, आणि ही बाई आपल्याला कधी दिसलीच नाही. हे मोजायला आपल्या खात्याकडे काहीच नाही.

त्यांनी सायकल सरळ केली, गुडघे सैल सोडले आणि दाताडावर घातली. दोनतृतीयांश दाताड ते सायकलवर होते. उरलेलं त्यांनी आणि सायकलने वेगवेगळं पार केलं. दात सगळे शाबूत राहिले.

दुसरी फेरी संपवून ते मैदानात आले, तोच भोंगा ओरडला, "अभिनंदन! शर्यत पूर्ण!" कोणीतरी त्यांच्या गळ्यात पदक घातलं.

"माझ्या दोन फेऱ्या राहिल्यात," निरीक्षक म्हणाले.

"पहिला माणूस आला की सगळ्यांची शर्यत संपते," आयोजकांनी समजावलं. "ज्याच्या जेवढ्या फेऱ्या झाल्या त्या झाल्या. तुमच्या नावापुढे पूर्ण असंच लिहिणार. नियमच आहे."

निरीक्षकांनी आजूबाजूला पाहिलं. बायको दोरीपलीकडे झाडू बांधलेल्या जीपशेजारी उभी होती आणि त्यांच्याकडेच बघत होती. ती हसत नव्हती. ती वाट बघत होती. पदक गळ्यात होतं, नियम बाजूने होता, पायांत वाळू भरल्यासारखं झालं होतं. तीस वर्षांत थांबायला इतकं सोयीचं निमित्त त्यांना कधी मिळालं नव्हतं.

त्यांनी पदक काढून आयोजकांच्या हातात दिलं. "बारा किलोमीटर देऊन चोवीसचा शिक्का मारता?" ते म्हणाले. "साखरवाल्याने असं केलं असतं तर मी त्याचं दुकान बंद केलं असतं."

"अहो, पण आम्हाला आता दोऱ्या काढायच्यात! वाट आवरायचीय!"

बेकरीवाली तिथेच चिखल पुसत बसली होती. ती मोठ्याने हसली. "दोऱ्या राहू देत," ती आयोजकांना म्हणाली. "आठ ग्रॅमसाठी हे माझ्या दुकानात दोन तास बसले होते. ते काही ऐकायचे नाहीत." मग ती निरीक्षकांकडे वळली. "साहेब, दाताडावर ब्रेक दाबू नका. खालच्या दगडाकडे बघू नका, त्याच्या पुढे बघा. जा."

तिसऱ्या फेरीबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, कारण ती निरीक्षकांना स्वतःलाच आठवत नाही. चौथ्या फेरीत मात्र त्यांना सगळं दिसत होतं. डोंगर रिकामा झाला होता. कवडसे हलून दुसऱ्या जागी गेले होते. काल ज्या झाडाखाली बायको टेप धरून थांबली होती ते झाड त्यांनी ओळखलं. दाताडाच्या माथ्यावर ते थांबले नाहीत. ब्रेक दाबला नाही, दगडाच्या पुढे पाहिलं, आणि सायकल खाली गेली, आणि तिच्यावर बसलेले निरीक्षकही तिच्याबरोबरच खाली गेले. खाली पोचल्यावर त्यांनी मागे वळून वर पाहिलं. आपण तिथून आलो यावर त्यांचा विश्वास बसेना. वजनमापे खात्यातला एक चौपन्न वर्षांचा माणूस झाडांच्या मधोमध एकटाच मोठ्याने ओरडला, आणि ते ऐकायला कोणी नव्हतं याचं त्याला अजिबात वाईट वाटलं नाही.

ते मैदानात आले तेव्हा साडेअकरा वाजले होते. तिथे कोणीच नव्हतं. शेवटाची कमान उतरवून नेली होती. जमिनीवरची पांढरी रेघ पावलांनी पुसून गेली होती. भोंगाही नव्हता, जीपही नव्हती, बायकोही नव्हती. निरीक्षक रेघेच्या जागेवर येऊन थांबले. पूर्ण माप आणलं आणि घ्यायला माणूस नाही.

तेवढ्यात हॉर्न वाजला. ज्या जीपने तीन तासांत एकदाही हॉर्न वाजवला नव्हता, तिचाच. पुढे रस्ता चढत जात होता आणि पार वर, वळणाशी, झाडू बांधलेली ती जीप आडवी उभी होती. रस्त्याच्या एका कडेला मिशाळ ड्रायव्हर होता. दुसऱ्या कडेला त्यांची बायको होती. दोघांच्या हातांत रस्त्याच्या आरपार काहीतरी पिवळं ताणून धरलेलं होतं. ती खात्याची टेप होती.

"इतक्या वर का गेलात?" निरीक्षक खालून ओरडले.

"पाचशे वीस मीटर कमी होते ना?" बायको वरून जीपमधल्या भोंग्यातून ओरडली.

निरीक्षकांनी एकदा तो चढ पाहिला. मग ते पायडलवर उभे राहिले. वाटेत दोनदा सायकल थांबली, एकदा ते बाजूच्या गवतात आडवे झाले आणि उठले. ड्रायव्हर टेपचं टोक न सोडता दुसऱ्या हाताने मांडीवर टाळी वाजवत होता. शेवटी टेप त्यांच्या छातीला लागली, ड्रायव्हरने आपलं टोक सोडलं आणि निरीक्षक सायकलसकट बायकोच्या पायाशी रस्त्यावर बसले.

बायको शेजारी बसली. तिच्या हातांना धूळ लागली होती, कोपराजवळ खरचटलं होतं. निरीक्षक तिच्याकडे डोळे विस्फारून बघत राहिले. त्यांना वाटलं, डोंगर पाहिला, ती बेकरीवाली पाहिली, पण हे काहीतरी त्याहून मोठं आहे.

"बरोबर मोजलंस ना?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"सतरा टेपा आणि वर दहा मीटर," ती टेप गुंडाळत म्हणाली. "दोनदा मोजलं. पूर्ण भरतं."